सावलीचे दोन मानकरी

सम्राट अशोक आणि गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी या दोघांत एक साम्य आहे. आपलं म्हणणं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडेल अशा जागी लिहून ठेवायची दोघांनाही सवय. फरक एवढाच, की सेक्रेटरीचं म्हणणं चार टाचण्यांवर लटकतं आणि फार तर पुढच्या पाणीकपातीपर्यंत टिकतं; अशोकाचं म्हणणं दगडात कोरलेलं असल्यामुळे सव्वाबावीसशे वर्षं टिकून आहे. शिवाय अशोकाच्या सूचनेत थकबाकीदारांची नावं नाहीत. झाडांची आहेत.

ही सूचना आज दिल्लीत, फिरोजशहा कोटल्याच्या माथ्यावर उभ्या असलेल्या स्तंभावर आहे. स्तंभ मूळचा तिथला नव्हे. तो हरियाणातल्या टोपरा गावचा. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाची नजर त्याच्यावर पडली, आणि सुलतानाची नजर पडली की वस्तूला बदलीचा हुकूम निघालाच म्हणून समजा. पण माणूस कामाचा पक्का. त्यानं स्तंभाखाली सावरीच्या कापसाच्या गाद्या रचल्या, स्तंभ अलगद त्यांच्यावर आडवा केला, मग बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवून यमुनेपर्यंत ओढत नेला आणि तिथून नावांवरून दिल्लीला आणला. आमच्या घरचं गोदरेजचं कपाट एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेताना जे झालं ते पाहता मला या तुघलकाबद्दल नितांत आदर वाटतो. गंमत म्हणजे एवढा खटाटोप करून आणलेल्या स्तंभावर काय लिहिलंय, हे वाचणारा त्याच्या दरबारात एकही विद्वान निघाला नाही. ती लिपी उलगडायला १८३७ साल आणि जेम्स प्रिन्सेप नावाचा टांकसाळीतला इंग्रज अधिकारी यावा लागला.

तर त्या स्तंभावर सातव्या लेखात अशोक म्हणतो, की मी रस्त्यांच्या कडेनं वडाची झाडं लावली आहेत; पशूंना आणि माणसांना त्यांची सावली मिळेल. शब्दांचा क्रम ध्यानात घ्या. पशू आधी, माणसं मागून. पुढे तो आमराया, विहिरी, धर्मशाळा यांचाही हिशेब देतो आणि मग एक असं वाक्य टाकतो, जे उद्घाटनाच्या कोनशिलेवर आजवर कुणी लिहिलेलं नाही. तो म्हणतो, हे काही मोठंसं काम नव्हे; माझ्या आधीच्या राजांनीही लोकांना अशी सुखं दिलेली आहेत.

मुळात त्यानं वडच का निवडला? इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे असल्या प्रश्नाचं उत्तर 'कारणे द्या' या चालीवर द्यायची जिभेला सवय आहे. पहिलं कारण, वडाला कशाचीही फारशी गरज लागत नाही. लहानपणी पाणी, गुराढोरांपासून राखण आणि डोक्यावर ऊन एवढं मिळालं की पुढे तो दुष्काळालाही दाद देत नाही. दुसरं, त्याचं पान जाड, चामड्यासारखं; सावली दाट पडते आणि वर्षातले अगदी थोडे दिवस सोडले तर झाड उघडं पडत नाही. तिसरं, त्याला बी पेरून वाट पाहायची गरज नाही. मनगटाएवढ्या फांदीचा पुरुषभर उंचीचा दांडका पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीत रोवला की तो मूळ धरतो, आणि सुरुवातीपासूनच गाईगुरांच्या तोंडापेक्षा उंच असतो. रस्ते बांधणाऱ्या खात्याला याहून सोयीचं झाड ते काय मिळणार? चौथं, पारंब्या. संस्कृतात वडाला न्यग्रोध म्हणतात, म्हणजे खाली वाढणारा. बाकीची झाडं आकाशाकडे बघत वाढतात. हा एकटाच फांदीवरून दोर सोडून पुन्हा जमिनीची चौकशी करतो. दोर जमिनीला लागला की त्याचा खांब होतो, आणि प्रत्येक नव्या खांबाबरोबर मांडव आणखी पुढे सरकतो.

हा मांडव किती पसरावा याला धरबंद नाही. कोलकात्याजवळ शिवपूरच्या वनस्पती उद्यानातल्या वडाचं मूळ खोड बुरशीनं सडलं, म्हणून १९२५ साली ते कापून काढलं. वडाला पत्ताही लागला नाही. हजारो पारंब्यांवर तो आजही उभा आहे आणि वाढतो आहे. कर्ता पुरुष गेल्यावरही एकत्र कुटुंब न मोडल्याचं, माझ्या माहितीतलं तरी, हे एकमेव उदाहरण. आंध्रात कदिरीजवळचा 'तिम्मम्मा मर्रिमानु' तर जवळजवळ पाच एकरांवर पसरलेला आहे. १९८९ साली त्याचं नाव गिनेस बुकात गेलं. पाच एकर! आमच्या वॉर्डातल्या सगळ्या बागा एकत्र केल्या तरी तिम्मम्माला पाय पसरता यायचे नाहीत.

या झाडाची कीर्ती बाहेरच्यांनी आपल्यापेक्षा जास्त मन लावून लिहून ठेवली आहे. सिकंदराबरोबर आलेल्या ग्रीकांनी मायदेशी जाऊन इतक्या सुरस गोष्टी सांगितल्या, की अथेन्समध्ये बसून थिओफ्रास्टसनं आपल्या वनस्पतींच्या ग्रंथात फांद्यांवरून मुळं सोडणाऱ्या या हिंदी झाडाचं वर्णन केलं. पुढे इराणच्या आखातात बंदर अब्बासला आपले गुजराती वाणी व्यापाराला जात. तिथे अशाच एका झाडाखाली त्यांची उठबस असे, म्हणून गोऱ्यांनी झाडालाच 'बनियन' म्हणायला सुरुवात केली. झाडाच्या नावावरून माणसांना आडनावं मिळालेली आपण पाहतो. माणसांच्या धंद्यावरून झाडाला आडनाव मिळाल्याचं हे उदाहरण विरळाच. आणि वाण्यांनी हे नाव सार्थही केलं. १८५०च्या दशकात मुंबईला टाऊन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली शेअर दलाल जमत आणि तिथेच सौदे करत. १८७५ साली त्यांनी रीतसर संस्था काढली. तोच आजचा मुंबईचा शेअरबाजार. म्हणजे ज्या बाजाराच्या चढउतारांनी आज निम्मा महाराष्ट्र सकाळी उठल्याबरोबर रक्तदाब तपासतो, तो जन्माला आला तेव्हा त्याच्या डोक्यावर छत नव्हतं, वड होता.

आपल्या बोलण्यात तर वड जागोजाग पारंब्या सोडून आहे. वडगाव, वडनेर, वडाळा, नाशिकची पंचवटी. बडोदं हेही मूळचं वटपद्र. एकाच्या माथी दुसऱ्याचं काही मारायचं असेल तर आपण वडाचीच साल काढून पिंपळाला लावतो. राष्ट्रीय वृक्षही तोच, आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल ज्याच्या लालबुंद फळांवर ताव मारतो तोही तोच. ज्येष्ठात सौभाग्यवती त्याला सूत गुंडाळतात. शहरात वड सापडत नाही म्हणून त्याची फांदी तोडून बाजारात विकतात आणि तीच कुंडीत खोचून पूजा होते. सात जन्म एकाच नवऱ्याला मागायचे आणि त्यासाठी झाडाच्या या जन्मावर कोयता चालवायचा, हा व्यवहार मला कधी कळला नाही. आमच्या हिला मी हे एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "सात जन्मांचं काय ते माझं मी बघते. तुम्ही फांदी आणायला उशीर करू नका."

असा हा वड. राजमान्य आणि लोकमान्य. त्याला जोडीदार आला तो थेट अमेरिकेतून, आणि तोही तिथला नामांकित.

१८०० साली आलेक्झांडर फॉन हुंबोल्ट हा जर्मन निसर्गसंशोधक व्हेनेझुएलात हिंडत होता. आराग्वाच्या खोऱ्यात त्याला लांबून एक हिरवी टेकडी दिसली. जवळ जाऊन पाहतो तो ते एकच झाड! हुंबोल्ट जर्मन असल्यामुळे त्यानं आधी मापं घेतली. खोड साठ फूट उंच, नऊ फूट जाड. आणि वरच्या छत्रीचा घेर ५७६ फूट. तिथले लोक या झाडाला 'सामान' म्हणत. आपल्याकडे सामान म्हटलं की वाण्याची यादी डोळ्यांपुढे येते, पण तो निव्वळ योगायोग. लोकांची त्या झाडावर अशी भक्ती, की कुणा शेतकऱ्यानं त्याची एक फांदी तोडली तर मालकानं त्याच्यावर खटला भरला आणि न्यायालयानं शेतकऱ्याला दोषी ठरवलं. हुंबोल्टनं हे नोंदवून ठेवलंय. पुढे १८१३ साली सिमॉन बोलिव्हारनं आपल्या फौजेसह याच झाडाखाली मुक्काम केला अशी तिथली आठवण आहे. आणि १९८२च्या डिसेंबरात ह्यूगो चावेझ नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्यानं दोस्तांबरोबर तिथेच क्रांतीची शपथ घेतली. तो पुढे त्या देशाचा अध्यक्ष झाला. आपल्याकडे वडाखाली शेअरबाजार निघाला, तिकडे सामानाखाली क्रांती. झाडाखाली बसल्यावर माणसाला काय सुचेल याचा नेम नाही.

हेच आपलं पर्जन्यवृक्ष. कोणी त्याला विलायती शिरीष म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सिलोनमार्गे हिंदुस्थानात आलं. सिंगापूरला ते १८७६ साली पोचलं आणि तिथल्या रस्त्यांवर असं रुळलं, की आज ते तिथलंच वाटतं. आपल्याकडे मुंबई, पुणे, बंगळूर इथल्या जुन्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी कमान धरून उभी असलेली, उन्हाळ्याच्या तोंडावर गुलाबी पावडरच्या पफासारखी फुलं अंगावर घेणारी झाडं बघा. ती बहुधा हीच.

या झाडाच्या नावाची कथा मात्र मजेदार आहे. ते पाऊस पाडतं म्हणे. रिचर्ड स्प्रूस नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं १८५०च्या दशकात पेरूमध्ये अशाच एका 'पावसाच्या झाडा'खाली उभं राहून पाहिलं. वरून खरोखर थेंब पडत होते. त्यानं मान वर करून चौकशी केली, तेव्हा कळलं की हा पाऊस फांद्यांवर बसून रस पिणाऱ्या किड्यांच्या मागच्या बाजूनं येतो आहे. विज्ञानाच्या नादी लागून काव्याचं असं वाटोळं होतं. दुसरा खुलासा जरा सभ्य आहे. हे झाड संध्याकाळ झाली किंवा आभाळ भरून आलं की आपली पानं मिटून घेतं. मलायात तर त्याला 'पाच वाजताचं झाड' म्हणतात. पानं मिटली की पावसाचं पाणी मधे न अडकता थेट बुंध्याशी पोचतं, त्यामुळे झाडाखालचं गवत हिरवंगार राहतं. पाच वाजता दप्तर मिटून घेणारं हे झाड इथल्या सरकारी आवारांतून इतकं लोकप्रिय का झालं, याचा वेगळा खुलासा करायला नको.

आता या दोघांची पत्रिका मांडून पाहू.

पर्जन्यवृक्ष चटकन वाढतं. ऊन भरपूर आणि पाणी बरं असेल तर वर्षाला हातभरच काय, चार फुटांपर्यंतही उंची घेतं. लावणाऱ्याला स्वतःच्या हयातीत, इतकंच नव्हे तर नोकरीत असतानाच, त्याच्याखाली खुर्ची टाकता येते. वडाचं बी मोहरीहूनही बारीक. बियापासून वाढवायचा म्हटलं तर पहिली काही वर्षं तो आहे की नाही, हेच भिंग घेऊन पाहावं लागतं. दांडका लावला तर काम लवकर होतं, पण खरा पसारा मांडायचा तो नातवंडांच्या काळात. पर्जन्यवृक्ष शेंगकुळातलं. मुळांवरच्या गाठींमधून हवेतला नत्र जमिनीत आणतं, म्हणजे येतानाच आपला शिधा घेऊन येणारा पाहुणा. निकस माती त्याला चालते. चालत नाही ती दुसऱ्याची सावली. उमेदवारीच्या काळात डोक्यावर कुणी वरिष्ठ असलेला त्याला खपत नाही. त्याच्या काळ्या, गोड, चिकट शेंगा गुरं आवडीनं खातात. माणसाच्या चपलेला लागल्या तर घरापर्यंत सोबत करतात.

वडाचं उलट. त्याला फळ धरायला त्याच्याच जातीची, चिलटाएवढी एक खास माशी लागते. दुसरी चालत नाही. त्याचं बी पेरायला पक्षी लागतात. तो उगवतो तोही बहुधा दुसऱ्याच्या जागेत: देवळाच्या शिखरावर, विहिरीच्या कठड्यात, नाहीतर दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात. मुळं भिंतीत शिरली की भिंत त्याची. पर्जन्यवृक्षाचाही दोष आहे. लाकूड ठिसूळ, फांद्या लांबवर आडव्या. वादळात एखादी खाली येते. मुळं वरवर पसरतात आणि फरशा उचलतात. वडाला आधाराला पारंब्या असतात, पण रस्त्याच्या कडेला त्या बसच्या टपाला लागतात म्हणून छाटल्या जातात. मग एवढा मोठा संसार एकट्या खोडावर तोलायचा, आणि एखाद्या आषाढात सोसला नाही की वर्तमानपत्रात छापून येतं, 'जुने झाड कोसळले'. काठी काढून घ्यायची आणि मग म्हातारा पडला म्हणायचं.

या दोघांच्या स्वभावावरून मी एक सिद्धांत काढलाय. कुठल्या राजवटीला किती धीर होता, हे तिनं लावलेल्या झाडांवरून ओळखावं. अशोकाला नातवंडांच्या नातवंडांपर्यंतची सावली दिसत होती. साहेबानंही रस्त्यांवर वड लावले, नाही म्हणायला. पण त्याची बदली दर तीन वर्षांनी व्हायची, आणि त्या मानानं पर्जन्यवृक्ष सोयीचं. आणि आपण? आपल्याला सावली फ्लॅटच्या किल्ल्यांबरोबर हवी असते. म्हणून बिल्डर फाटकापासून जिन्यापर्यंत 'अशोक' लावतो. हा खरा सीतेचा अशोक नव्हे. तो उंच, सडपातळ, पानं खाली ओघळलेला तोतया. त्याची सावली विजेच्या खांबाएवढी. ज्या सम्राटानं वड लावले त्याचं नाव, आणि ज्याच्याखाली मांजरही धड बसू शकत नाही असं झाड! इतिहास सूड घेतो तो असा.

हे सगळं मी नुसतं गंमत म्हणून सांगत नाही. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक जुनं पर्जन्यवृक्ष होतं. मुंबईत २०१०नंतरच्या दशकात पिठ्या ढेकणानं अशी झाडं रस्तेच्या रस्ते वाळवली. त्याच साथीची पांढरी पिंजण आमच्या झाडावरही बसली. एका उन्हाळ्यात ते पानं टाकून बसलं ते पुन्हा उठलंच नाही. रीतसर परवानगी येऊन ते कापलं गेलं. लाकूड ट्रकमधून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की त्या झाडाखाली केवढी वस्ती होती. इस्त्रीवाल्याची गाडी तिथे होती. आता तो निळं प्लास्टिक बांधून कोळशाच्या आणि सूर्याच्या मधे उभा असतो. भाजीवालीची मेथी अकरा वाजताच माना टाकू लागली. पहिल्या मजल्यावरच्या आजी रोज चार वाजता बाकावर येऊन बसायच्या; बाक अजून आहे, पण चार वाजता त्याच्यावर पापड वाळतील. आजी आता खिडकीत बसतात. दलालांना झाडाखालून उठून पक्की इमारत मिळाली. इस्त्रीवाल्याला झाडाखालून उठून कुठे जायचं, हे कुठल्याच संस्थेच्या घटनेत लिहिलेलं नाही.

त्या जागी काय लावायचं, यावर सोसायटीची सभा झाली. दोन पक्ष पडले. निवृत्त मंडळी वडाच्या बाजूची; नोकरदार मंडळी पर्जन्यवृक्षाच्या. म्हणजे ज्यांच्याकडे वर्षं कमी उरलीत त्यांनी हळू वाढणारं झाड मागितलं, आणि ज्यांच्यापुढे सगळं आयुष्य पडलंय ते घाईत. हे पाहून मला जरा बरं वाटलं. सेक्रेटरी म्हणाले, "वड लावला तर टाकीत मुळं जातील." खजिनदार म्हणाले, "पर्जन्यवृक्ष लावलं तर शेंगा मोटारींवर पडतील." एक गृहस्थ पत्र्याची शेड सुचवून मोकळे झाले, तिला पाणी घालावं लागत नाही म्हणे. शेवटी मला विचारलं, "मास्तर, इतिहास काय म्हणतो?"

इतिहास काय म्हणणार? तो म्हणतो, फूटपट्टी आणा. जागा निघाली बारा फूट रुंद. वडाला काय किंवा पर्जन्यवृक्षाला काय, छत्री उघडायला ऐंशी-शंभर फूट लागतात. त्यातही खरी जमीन होती ती तीन फूट बाय तीन फूट. बाकी सगळं पेव्हर ब्लॉकनं फरसबंद. जुनं झाड बुंध्याशी कॉलरनं गळा आवळल्यासारखं उभं होतं. पिठ्या ढेकणाला दोष देऊन आपण सुटतो, पण ज्याच्या मुळांना वर्षानुवर्षं ना पाणी ना हवा, त्याच्याकडे किड्याशी झुंजायला अंगात काय उरणार? राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीसाठी आदेश काढला, की झाडाभोवती एक मीटर जागा सिमेंटविना मोकळी ठेवा. एक मीटर! अशोकानं विहिरी खोदल्या, आणि आपल्याला एक मीटर माती उघडी ठेवण्यासाठी न्यायाधीश लागतात.

कायदे आपल्याकडे कमी नाहीत. शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ सालचा कायदा आहे. २०२१ साली त्यात सुधारणा झाली. पन्नाशी ओलांडलेलं झाड आता 'हेरिटेज' ठरतं, आणि कापायची परवानगी मिळालीच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. शंभर वर्षांच्या आजोबांच्या बदल्यात शंभर तान्ही बाळं. बेरीज चोख आहे. फक्त उद्या दुपारी बारा वाजता इस्त्रीवाल्यानं कुठल्या बाळाच्या सावलीत उभं राहायचं, एवढंच गणितात बसत नाही.

सभेत ठरलं ते असं. बारा फुटांच्या पट्टीतले ब्लॉक काढायचे आणि तिथे बेतशीर करंज लावायचा. रस्त्यापलीकडे महापालिकेचा मोकळा भूखंड आहे, त्याच्या मधोमध वड आणि रस्त्याच्या अंगाच्या कोपऱ्यात पर्जन्यवृक्ष लावू द्यावं, असा अर्ज करायचा. अर्ज गेला. त्याची पोच आली. पोच येणं हीसुद्धा आपल्याकडे एक प्रकारची पालवीच. आजींनी मात्र कुणाला न विचारता दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती भरून वडाची एक काडी खोचली आहे आणि खिडकीत ठेवली आहे. सावलीत बसायला आपण नसू, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच बहुधा त्यांनी आमच्यासारखी सभा बोलावली नाही.

बाकी या दोन झाडांतला वाद आपण मिटवायला हवा असंही नाही. शहरातल्या एखाद्या जुन्या रस्त्यावर उभे राहा आणि एखाद्या भल्या थोरल्या पर्जन्यवृक्षाच्या बेचक्यात वर पाहा. शेवाळ, नेचे, साचलेला पालापाचोळा. आणि त्यात पुष्कळदा दोन-चार जाड, चकचकीत पानं वेगळी दिसतील. तो वड असतो. कुठल्याशा हरियालानं किंवा तांबटानं फळ खाऊन बी तिथे टाकलेलं असतं. अमेरिकेच्या पाहुण्यानं त्याला खांद्यावर घेतलेलं असतं आणि वड हळूच खाली एक मूळ सोडत असतो. मधे पेव्हर ब्लॉक नसला, तर ते एक दिवस जमिनीला लागेल. मग मात्र पाहुण्याचं काही खरं नाही.